खेळांची नियमपुस्तके : त्यांची भाषा व त्यांच्या आवृत्त्या

पुस्तकांच्या जगात ज्यांस कोणी वाली नाही अशी काही पुस्तके असतात. खेळाच्या डब्यात तळाशी घडी घालून ठेवलेले नियमांचे पुस्तक हे त्यांपैकीच एक होय. डबा उघडला की मुलांचे हात पट, सोंगट्या व फासे ह्यांकडे धावतात. पुस्तकाची आठवण कोणास होत नाही. ती होते पहिले भांडण जुंपल्यावर, आणि तेव्हा ते पुस्तक बहुधा सापडत नाही! अशा उपेक्षित पुस्तकांच्या भाषेविषयी वार्षिकांत चार पाने खर्ची घालावी हे कोणास विचित्र वाटेल. परंतु एकच खेळ निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या लेखकांनी कसा शब्दबद्ध केला हे ताडून पाहिले, तर भाषेच्या अभ्यासकास त्यात पुष्कळ शिकण्याजोगे सापडते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नियमपुस्तकाला दोन धनी असतात. एक, ज्याने तो खेळ कधी पाहिलाच नाही असा नवखा; त्याला पुस्तकाने हात धरून शिकवावे लागते. दुसरा, खेळता खेळता हमरीतुमरीवर आलेला खेळाडू. त्याला शिकवणी नको असते, निवाडा हवा असतो. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या पालकांस हा भेद निराळा सांगावयास नको. नवे यंत्र आले म्हणजे ते कसे चालवावे हे समजावणारी एक पुस्तिका असते, आणि तयार झालेला भाग कोणत्या मापाच्या बाहेर गेला असता नापास करावयाचा हे ठरविणारा नकाशा निराळा असतो. पहिलीत समजुतीचे शब्द असतात, दुसऱ्यात आकडे. खेळाच्या पुस्तकास मात्र ही दोन्ही कामे बहुधा एकाच मुखपृष्ठाच्या आत करावी लागतात, आणि त्याची सारी अडचण येथेच आहे.

आपल्याकडे नियम होते, पण पुस्तके नव्हती, असा काळ फार दूरचा नाही. विटीदांडूच्या खेळात मोजणीसाठी मुले वकट, लेंड, मुंड, नाल असे शब्द उच्चारीत. हे शब्द मुळी मराठी नव्हेत. ते तेलुगू संख्यावाचकांचे अपभ्रंश आहेत. परंतु कोणत्याही पुस्तकाच्या साहाय्यावाचून ते महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या टिकले. तोंडी परंपरेचे सामर्थ्य एवढे मोठे असते. लिहावयाचेच झाले तर जुने लोक पद्यात लिहीत, कारण पद्य पाठ होते. पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ ह्या पंडिताने सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ नावाचा मोठा धर्मग्रंथ रचला. त्यातील राजनीतीविषयक मयूखात बुद्धिबळाच्या खेळाचे वर्णन संस्कृत पद्यांत आले आहे. धर्मशास्त्राच्या ग्रंथात हत्ती, घोडे व प्यादी ह्यांच्या चाली वाचून आज आपणांस हसू येईल. पण ज्या काळी नियम म्हणजे पाठ करावयाची वस्तू होती, त्या काळास ते साजेसेच होते.

तोंडी परंपरेचा दोष असा की ती गावाच्या वेशीपलीकडे गेली म्हणजे बदलते. बुद्धिबळाचेच पाहा. देशी पद्धतीत प्यादे प्रथमही एकच घर चाले; पटाच्या टोकास पोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरी पोचले ते मोहरे होई; राजाला किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी एकदा घोड्याची उडी मारण्याची मुभा असे. आणि ह्यांतही प्रांतोप्रांती पोटभेद होते. पंजाबचे मीर सुलतान खान ह्याच देशी पद्धतीत वाढले. पुढे त्यांस युरोपीय नियम नव्याने शिकावे लागले, आणि तरीही १९२९ साली त्यांनी ब्रिटनचे अजिंक्यपद जिंकले! परंतु अशी बुद्धी लाखांत एखाद्याची. इतरांना नियमांचा भेद म्हणजे खेळ मोडण्याचेच कारण होई.

हुतूतूची हकीकत अशीच आहे. ह्या खेळाच्या संजीवनी, गामिनी व अमर अशा तीन पद्धती प्रचलित होत्या. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी जिवंत होऊन पुन्हा मैदानात येई. गामिनीत एकदा मेलेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमर पद्धतीत तर गडी बाहेर जातच नसे, केवळ गुण मोजला जाई. खेळाचे नाव एक, मैदान एक, दम एक. परंतु एका गावचा संजीवनी खेळणारा संघ दुसऱ्या गावच्या गामिनी खेळणाऱ्या संघापुढे उभा राहिला, तर खेळाआधी पंचायतच भरावयाची. आपल्या पिंपरीसारख्या गावी हे चटकन पटेल. १९४७ नंतर सिंधमधून आलेली कुटुंबे, पुढे कारखान्यांच्या निमित्ताने मराठवाडा, विदर्भ, कोकण, खानदेश, इतकेच नव्हे तर दूरच्या दक्षिणेतून व उत्तरेतून आलेली कुटुंबे, ह्यांची मुले येथे एका मैदानावर येतात. प्रत्येकाच्या घरचा नियम निराळा, आणि प्रत्येकास आपल्या घरचाच नियम खरा वाटतो.

नियम लिहिण्याची निकड निर्माण झाली ती ह्यामुळेच, म्हणजे गावागावांचे सामने होऊ लागल्यामुळे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले. त्यानंतर बडोद्याने ह्या कामी पुढाकार घेतला. १९२३ साली तेथील हिंदविजय जिमखान्याच्या स्पर्धेत हुतूतू सुधारलेल्या नियमांनी खेळला गेला. १९३० नंतर अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने देशी खेळांचे नियम पुन्हा तपासले, आणि १९३५ साली खो-खोचे सुधारलेले नियम प्रसिद्ध झाले. बडोद्याचेच मुजुमदार ह्यांनी ‘व्यायाम-ज्ञानकोश’ दहा खंडांत संपादित केला. देशी खेळांस मराठी गद्यात इतकी प्रशस्त जागा त्यापूर्वी क्वचितच मिळाली असेल.

ह्या नियमलेखनात मराठी भाषेचे एक निराळे रूप घडत गेले, आणि त्याचे श्रेय ह्या मंडळींस द्यावयास हवे. गडी, बाद, दम, चढाई, पकड, लोण, पाटी, खांब हे शब्द रोजच्या बोलण्यातले. त्यांतील प्रत्येकाला आखीव अर्थ प्राप्त झाला. बोलण्यात आपण ‘त्याने त्याला शिवले’ एवढे म्हणून थांबतो. नियमात शिवले म्हणजे शरीराने की कपड्याने, मैदानाच्या आत की बाहेर, दम असताना की सुटल्यावर, हे सर्व सांगावे लागते. म्हणून वाक्य लांबते, त्यात ‘असता’, ‘तर’, ‘वा’, ‘मात्र’ हे शब्द वारंवार येतात, आणि वाचणाऱ्याचा जीव कासावीस होतो. परंतु पंचास हेच वाक्य प्रिय असते.

लिखित नियमाची आणखी एक प्रवृत्ती आहे : जे मोजता येत नाही ते मोजता येईल अशा रूपात आणण्याची. हुतूतूतील ‘दम’ ही कानांनी पारखण्याची गोष्ट होती. एका श्वासात शब्द अखंड चालला की नाही हे जवळ उभ्या असलेल्या पंचाने ऐकून ठरवावयाचे; साहजिकच त्यावर वाद फार. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी स्पर्धेत चढाईला ३० सेकंदांची मर्यादा घातली गेली. घड्याळापुढे वाद संपला. पण त्याबरोबर, छातीतील श्वास जितका, तितकीच चढाई, ही त्या खेळातील जुनी गंमतही थोडी उणावली, असे आमच्यासारख्यांस वाटल्यावाचून राहत नाही. खो-खोत ह्याच्या उलट एक मौज झाली. पाठलाग करणाऱ्याने एकदा धरलेली दिशा बदलू नये हा त्या खेळाचा कणा. परंतु २०२२ सालच्या अल्टिमेट खो-खो स्पर्धेत कोणत्याही दिशेने धावण्याची मोकळीक असलेला ‘वजीर’ नावाचा गडी निर्माण करण्यात आला. बुद्धिबळाच्या पटावरचा वजीर उठून खो-खोच्या मैदानात आला तो असा.

मैदानी खेळांत, काही झाले तरी, पुस्तकावाचून निभते. लहान भाऊ थोरल्याचे पाहून खो-खो शिकतो. परंतु गेल्या अर्धशतकात खेळांची अशी एक जात निघाली आहे की तिच्यात पुस्तक हाच खेळ असतो. ह्या खेळांस आपण भूमिकाखेळ म्हणू. चार-पाच जण मेजाभोवती बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार होतो. तो एखाद्या गुहेचे, गडाचे वा अरण्याचे वर्णन करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार विचारतो, ‘दार बंद आहे, आतून कण्हण्याचा आवाज येतो, तुम्ही काय कराल?’ आणि खेळाडूंनी तोंडाने सांगावयाचे. यश येईल की नाही अशी शंका असेल तेथे फासा टाकावयाचा. पट असलाच तर नावापुरता. अशा खेळाची दांडी पुस्तकावर उभी असते. पुस्तकाची भाषा पालटली की खेळही पालटतो. म्हणूनच नियमपुस्तकांच्या आवृत्त्या ताडून पाहावयास ह्याहून चांगले क्षेत्र नाही.

ह्या जातीचा मूळ पुरुष लष्करी आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइस्विट्झ ह्या अधिकाऱ्याने नकाशावर खेळावयाचा युद्धखेळ सिद्ध केला. त्यात गोळीबार, चाल, हानी ह्या सर्वांची कोष्टके होती. कोष्टके इतकी वाढली की अधिकारी कंटाळले. तेव्हा १८७६ साली फेर्डी द्यू वेर्न्वा ह्याने कोष्टके बहुतांशी बाजूस सारून अनुभवी पंचाच्या विवेकावर निवाडा सोपविला. पुस्तकावर किती विसंबावे आणि माणसावर किती, हा झगडा तेव्हापासूनचा आहे. पुढे १९१३ साली प्रसिद्ध कादंबरीकार वेल्स ह्यांनी खेळण्यातील शिशाच्या शिपायांच्या लढाईवर ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. आपला खेळ मित्रांच्या संगतीत कसा कसा वाढत गेला ह्याची गोष्ट आधी सांगून मग ते नियमांकडे वळतात. त्यामुळे नियम वाचताना तो का झाला हेही कळते. नियमपुस्तक इतके गोड असू शकते ह्याचा तो उत्तम पुरावा होय.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे भुयारे आणि अजस्र व्याळ, हा भूमिकाखेळ प्रसिद्ध केला. एका लहानशा पेटीत तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली छपाई एक हजार प्रतींची. ह्या पुस्तिकांची भाषा म्हणजे युद्धखेळ जाणणाऱ्याने दुसऱ्या जाणत्यास लिहिलेले टिपण. वाचकापाशी ‘चेनमेल’ नावाचे त्याआधीचे नियमपुस्तक आहे असे त्यात गृहीत धरले आहे, आणि रानावनातील प्रवासासाठी चक्क दुसऱ्या एका प्रकाशकाच्या खेळाचा पट वापरण्यास सांगितले आहे! नवख्यास ह्यातून खेळ उमगणे दुरापास्त होते. परंतु गंमत अशी की ह्या अपुरेपणामुळेच गावोगावच्या मुलांनी आपापल्या परीने रिकाम्या जागा भरल्या, आणि एकाच नावाचे शंभर खेळ झाले. आपल्या हुतूतूची संजीवनी, गामिनी व अमर ह्यांची आठवण व्हावी अशीच ही अवस्था.

ह्यावर तोडगा दोन दिशांनी निघाला, आणि नियमपुस्तकाचे दोन धनी येथे प्रथमच वेगळे झाले. नवख्यांसाठी १९७७ साली होम्स ह्या वैद्यकाच्या प्राध्यापकाने आरंभीचे नियम सोप्या रीतीने पुन्हा मांडले. उलट जाणत्यांसाठी गायगॅक्स ह्यांनी १९७७ ते १९७९ ह्या काळात तीन जाडजूड ग्रंथ काढले, आणि त्यांत सर्व देशभर खेळ एकाच रीतीने खेळला जावा, एका गावचा खेळाडू दुसऱ्या गावी जाऊन बसला तरी परका वाटू नये, हा हेतू धरला. १९१४ साली पुण्यास ज्या गरजेने नियम लिहिले गेले तीच ही गरज. मात्र ह्या ग्रंथांची भाषा निवाड्याची म्हणावी तर तशी नव्हे. लांबलचक वाक्ये, कोशातून शोधून काढावे लागतील असे जुने शब्द, मध्येच उपदेश, मध्येच खवचट टोमणा. निबंधमालेच्या शैलीची ज्यांस गोडी आहे त्यांस ही भाषा आवडेल. हल्ला यशस्वी होतो की नाही हे सांगणारी कोष्टके खेळाडूंच्या ग्रंथात नव्हतीच. ती सूत्रधाराच्या ग्रंथात, आणि तो ग्रंथ खेळाडूने वाचू नये असा दंडक! कायदा लिहावा आणि तो वकिलानेच वाचावा असे म्हणण्यासारखे हे झाले. तरीही मान्य केले पाहिजे की ह्या ग्रंथांत एक माणूस आपल्याशी बोलत आहे असे वाटते, आणि म्हणूनच ते अजून आवडीने वाचले जातात.

शिकवणीच्या दिशेचा कळस झाला तो १९८३ साली, फ्रँक मेंट्झर ह्यांच्या आवृत्तीत. १९८१ ची मोल्डवे ह्यांची चौसष्ट पानांची पुस्तिका नीटस व आटोपशीर होतीच. काहींच्या मते तीच सर्वांत सरस. परंतु मेंट्झर ह्यांनी एक नवी युक्ती केली. त्यांच्या पुस्तकात नियमाने आरंभ होत नाही, गोष्टीने होतो. वाचक हाच योद्धा. तो एकटा गुहेत शिरतो. तेथे त्यास अलीना नावाची एक सेवाव्रती स्त्री भेटते, ती त्याच्या जखमांवर उपचार करते, सोबत चालते. आणि थोड्याच वेळात बार्गल नावाच्या दुष्ट मांत्रिकाच्या हातून ती मारली जाते. इतके होईपर्यंत वाचकाने फासे टाकले आहेत, प्राणांक म्हणजे काय हे जाणले आहे, जादूपासून बचावण्याचे दान टाकले आहे, आणि ह्यातले काहीही आपण ‘शिकलो’ असे त्यास वाटलेले नाही. शिक्षकांनी ह्या पानांचा अभ्यास करण्यासारखा आहे. दहा-अकरा वर्षांच्या किती मुलांनी त्या कागदी अलीनेसाठी डोळे पुसले असतील कोण जाणे! अर्थात ह्याच पुस्तकात वाद मिटविण्यासाठी नियम शोधू गेल्यास तो कोणत्या पानावर आहे हे सापडता सापडत नाही. कारण तो गोष्टीत विरघळलेला असतो.

१९८९ ची दुसरी आवृत्ती पालकांस विशेष लक्षणीय वाटावी. त्यापूर्वीच्या दशकात अमेरिकेतील काही पालकांनी व ख्रिस्ती संघटनांनी ह्या खेळातील दैत्य, सैतान व मंत्रतंत्र ह्यांवर आक्षेप घेतला होता. मुले तासन्‌तास कल्पनेतील भुतांच्या संगतीत काढतात ही गोष्ट आईबापांस काळजीची वाटावी ह्यात नवल नाही. प्रकाशकांनी नव्या आवृत्तीतून मारेकऱ्याचे पात्र काढून टाकले. सैतानी जीवही प्रथम गाळले, आणि पुढे बनावट नावे देऊन हळूच परत आणले. नावे बदलली, पण प्राणी तेच! आमच्या मते हा मार्ग फारसा प्रामाणिक नव्हता. गाळावयाचे तर गाळावे, नाही तर पालकांस नीट समजावून सांगावे. २००० साली तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा जुनी नावे पुन्हा छापली गेली, आणि आश्चर्य असे की तोवर वादाचा जोर ओसरला होता.

ही तिसरी आवृत्ती भाषेच्या दृष्टीने निवाड्याच्या बाजूस झुकलेली होती. प्रत्येक शब्दाची व्याख्या, प्रत्येक कृतीस वीस पैलूंचा तोच फासा, प्रत्येक अपवादास पोटनियम. तीनच वर्षांनी तिची दुरुस्त आवृत्ती काढावी लागली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने ह्यावरही ताण केली. पात्राची प्रत्येक शक्ती एकेका रंगीत चौकटीत छापली. वर एक तिरप्या अक्षरांतले वर्णन, खाली अंतर, लक्ष्य, परिणाम. वर्णन वगळले तरी खेळ अडत नसे. भांडणे खरोखरच कमी झाली, पण पुष्कळांस वाटले की आपण कथा वाचीत नसून यंत्राच्या सुट्या भागांची यादी वाचीत आहोत. वाचकांनी नियमाच्या अचूकपणाविरुद्ध इतकी कुरकूर करावी हे मोठे गमतीचे आहे. दोष अचूकपणाचा नव्हता, रुक्षपणाचा होता.

म्हणून २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पुन्हा साधी बोलती भाषा आणली गेली. लोकांस ती अतिशय आवडली. परंतु साध्या भाषेची किंमत कोठे मोजावी लागते ते पाहा. ह्या पुस्तकात ‘जवळून केलेला शस्त्रहल्ला’ असा एक शब्दप्रयोग आहे, आणि ‘जवळच्या शस्त्राने केलेला हल्ला’ असा दुसरा. वाचणारा दोन्ही एकच समजून पुढे जातो. आता एखाद्याने नुसती मूठ मारली तर? प्रकाशकांस खुलासा करावा लागला की मूठ मारणे हा पहिल्या प्रकारचा हल्ला होय, दुसऱ्या प्रकारचा नव्हे. कारण मूठ हे शस्त्र नाही, पण हल्ला मात्र शस्त्रहल्ल्याच्या वर्गात मोडतो. विद्यार्थ्यांनी व्याकरणाच्या तासाला समास व विग्रह ह्यांस कंटाळू नये. येथे एका समासावर योद्ध्याचे प्राण अवलंबून आहेत! अशा खुलाशांचा ढीग साचल्यावर २०२४ च्या सुधारित आवृत्तीत ग्रंथाच्या शेवटी पारिभाषिक शब्दांचा स्वतंत्र कोश जोडण्यात आला. पुढे शिकवणी, मागे निवाडा, अशी ही वाटणी आहे; आजवरच्या वाटण्यांत ही आम्हांस शहाणपणाची वाटते.

एकाच मजकुराची भाषा वाचक कोण ह्यावर किती अवलंबून असते, ह्याचे अधिक थोर उदाहरण आपल्या मंडळींच्या घरीच आहे. सेरामपूरला विल्यम केरी ह्यांनी १८११ साली मराठी नवा करार छापला तो पंडितांच्या साहाय्याने. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून जे भाषांतर केले, आणि जे त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली केडगावच्या मुक्ति मिशनमधून बाहेर पडले, त्यात मात्र अल्पशिक्षित स्त्रीस समजावे ही दृष्टी होती. रमाबाई संस्कृतच्या केवढ्या विदुषी! मनात आणले असते तर जड भाषा त्यांस सहजसाध्य होती. पवित्र ग्रंथाची खेळाच्या पुस्तकाशी तुलना करण्याचा येथे हेतू नाही. भाषांतर करणाऱ्याने आधी ‘हे कोण वाचणार’ असे विचारावे, एवढेच ह्यातून घ्यावयाचे.

आणि हा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे. वर सांगितलेली भूमिकाखेळांची पुस्तके इंग्रजीत आहेत, आणि साधी इंग्रजी नव्हे. अशा मेजाभोवती पाच मुले बसली, आणि त्यांपैकी एकासच ते इंग्रजी झरझर वाचता येत असले, तर सूत्रधार कोण होणार हे आधीच ठरले. नियम काय आहे हे तो सांगेल. इतरांनी त्यावर विश्वास ठेवावयाचा. हुतूतूच्या मैदानात असे होत नसे. तेथे नियम सर्वांच्या तोंडी होता, म्हणून त्यावर भांडण्याचा अधिकारही सर्वांस सारखा होता. ज्यास नियम वाचता येत नाही त्यास नीट भांडताही येत नाही, आणि खेळात भांडता न येणे ही लहान उणीव नव्हे.

सुदैवाने ह्यावरील एक अडसर दूर झाला आहे. जानेवारी २०२३ मध्ये प्रकाशकांनी पाचव्या आवृत्तीच्या मूलभूत नियमांचा संग्रह खुल्या परवान्याखाली सर्वांस उपलब्ध करून दिला. मूळ कर्त्यांचा रीतसर निर्देश करून तो कोणासही छापता, बदलता व भाषांतरित करता येतो. त्याच वर्षी त्याची फ्रेंच, जर्मन, इटालियन व स्पॅनिश रूपेही प्रसिद्ध झाली. मराठी रूप काढण्यास कायद्याची आडकाठी उरलेली नाही. उरला आहे तो कष्टाचा भाग.

ते कष्ट कशा प्रकारचे आहेत ह्याचा एक मासला देऊ. हल्ल्याचा नियम निवाड्याच्या भाषेत असा लिहिता येईल : ‘हल्ला करणाऱ्याने वीस पैलूंचा फासा एकदा टाकावा. पडलेल्या दानात आपला वाढांक मिळवावा. बेरीज प्रतिपक्षाच्या कवचांकाइतकी वा त्याहून अधिक झाल्यास हल्ला लागला असे समजावे. कमी झाल्यास चुकला असे समजावे.’ हाच नियम शिकवणीच्या भाषेत : ‘समज, रखवालदार तुझ्यावर धावून आला आहे. त्याच्या अंगात चिलखत आहे. त्याचा कवचांक तेरा. तू तलवार उगारलीस. टाक फासा! दहा पडले? तुझ्या मनगटाचे चार त्यात घाल. चौदा. तलवार चिलखताच्या फटीतून आत गेली.’ पहिल्यात ‘टाकावा’ आहे, दुसऱ्यात ‘टाक’ आहे. पहिल्यात कोणी बोलत नाही, दुसऱ्यात थोरला भाऊ बोलतो आहे. दोन्ही मराठी आपलीच, आणि दोन्ही हवीत. मात्र एकाच परिच्छेदात त्यांची सरमिसळ करू नये. ‘करावे’, ‘करता येते’ आणि ‘केलेच पाहिजे’ ह्या तिहींतील भेद तर डोळ्यांत तेल घालून पाळला पाहिजे. इंग्रजी नियमांतील निम्मे वाद अशाच तीन क्रियापदांच्या घोटाळ्यातून निघाले आहेत.

शब्दांचे भांडवल आपल्यापाशी पुष्कळ आहे. फाशाचे ‘दान’, खेळाचा ‘डाव’, ‘बाद’ होणे, ‘पाळी’ येणे, सर्व खेळ चालविणारा ‘सूत्रधार’. हे शब्द सारीपाटाने, मैदानाने व रंगभूमीने घडवून ठेवले आहेत. ते सोडून संस्कृत कोशातून नवे शब्द ओढून आणू नयेत. काही ठिकाणी मात्र विचार करावाच लागेल. मंत्र, विष किंवा कोसळती दरड ह्यांतून पात्र वाचते की नाही हे पाहण्यासाठी जो फासा टाकतात, त्यास इंग्रजीत ‘सेव्हिंग थ्रो’ म्हणतात. शब्दशः पाहू गेल्यास ‘तारणाचे दान’ असे होईल. परंतु आपल्या शाळेत हे शब्द कानी पडताच मुलांचे डोळे मेजावरून उठून प्रार्थनामंदिराकडे वळतील, आणि बँकेत काम करणाऱ्या पालकांच्या मनात गहाणखत येईल. ‘बचावाचे दान’ म्हणावे तर कबड्डीतील बचाव आठवतो. आम्हांस ‘निभावणीचे दान’ बरे वाटते. दगड अंगावर आला आणि त्यातून निभावलो, असे आपण बोलतोच.